वाफसा आणि साइड स्टँड

मोटरसायकलवाल्यांचा मेळावा म्हटलं की बोलणं गाड्यांवर जातं. कुणाच्या इंजिनात किती दम, कुणाचा सायलेन्सर कसा वाजतो, कोण एका दमात किती किलोमीटर तोडून आला. दिवसभर हे ठीक आहे. रात्री तिथंच तंबू टाकून राहायचं असेल तर मात्र पहिला प्रश्न जमिनीचा असतो. स्टँड कुठं रुततो, मेख कुठं धरते, टायरमध्ये काय घुसतं, अंगाखाली ओल कुठून येते, हे सगळं खाली बघितल्यावरच कळतं. सोलापूरकरांना खरं तर हे शिकवायला लागू नये. आपण काळ्या मातीवर वाढलेली माणसं. पण गाडी धुऊन-पुसून, जॅकेट चढवून मेळाव्याला निघालं की घरचं शहाणपण घरीच राहतं.

साइड स्टँडपासून सुरुवात करू, कारण मुक्कामावर गाड्या पडतात त्या बहुतेक त्याच्यामुळंच. रॉयल एनफिल्डची ३५० सीसीची क्लासिक १९५ किलोची. साइड स्टँडवर लावली की बराचसा भार दोन चाकांवरच राहतो, स्टँडच्या वाट्याला समजा ३० किलो येतात. आकडा फार वाटत नाही. पण स्टँडचं टोक असतं दोन-तीन बोटांएवढं, धरा १० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो. सत्तर किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला तर त्याच्या तळव्याखाली हाच आकडा पाव किलोच्या आसपास असतो. माणूस जिथं आरामात उभा राहतो, तिथं स्टँड खिळ्यासारखा आत जातो तो यामुळं. आणि तो एकदम जात नाही, हीच खरी गोम. गाडी लावताना जमीन टणक लागते. आपण हेल्मेट आरशाला अडकवून चहाला जातो, सामान गाडीवर तसंच असतं. स्टँड हळूहळू केसभर खाली सरकतो, गाडी डावीकडं आणखी कलते, कलली की स्टँडवरचा भार वाढतो, भार वाढला की तो आणखी रुततो. चहा संपवून येईपर्यंत गाडी आडवी, क्लचचा लिव्हर मोडलेला आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय.

इलाज दहा रुपयांचा आहे. बारा मिलिमीटर प्लायचा चार इंची चौकोनी तुकडा घ्यायचा. त्याच ३० किलोंना आता १०० चौरस सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे दाब एकदम दहावा हिस्सा. तुकड्याच्या एका कोपऱ्यात भोक पाडून मीटरभर नायलॉनची दोरी ओवायची आणि दोरीचं दुसरं टोक हँडलला अडकवायचं. याचे दोन फायदे. सकाळी गाडी सरळ केल्यावर खाली न वाकता दोरी ओढून तुकडा वर घेता येतो, आणि तो तिथंच विसरून जाणं होत नाही. शहाबादी फरशीचा तुकडाही चालतो, पण एक तर तो जड, आणि सामानात आपटून दुसऱ्या दिवशी त्याचे दोन होतात. अमेरिकेत १९३८ पासून भरणाऱ्या स्टर्जिसच्या मेळाव्यात ऑगस्टच्या उन्हात डांबर मऊ पडतं आणि तिथंही स्टँड रुततात. तिथले लोक चेपलेला कॅन खाली घालतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असताना ताज्या डांबरावर हीच गत होते, तेव्हा तो तुकडा फक्त रानापुरता समजू नये.

सेंटर स्टँड असेल तर रात्रीसाठी तोच वापरावा. तोही रुततो, पण दोन्ही पाय सारखे रुततात, त्यामुळं गाडी कलत नाही. फूटभर लांब, सहा इंच रुंद फळी दोन्ही पायांखाली घातली की काळजी मिटली. मात्र सामान उतरवल्याशिवाय गाडी सेंटर स्टँडवर घेऊ नये. कंबर आपली असते.

चढावर लावायची असेल तर तोंड चढाकडं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. डावीकडची जमीन खोल असेल तर गाडी जास्त कलते, उंच असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या एका झोताला उजवीकडं जाते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण उजवीकडं धरायला स्टँडच नसतो.

आता काळ्या मातीबद्दल. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. मुक्कामाच्या दृष्टीनं या मातीच्या तीन अवस्था आहेत आणि शेतकऱ्यांकडं त्यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिकट ना कडक, कुळव घालण्याजोगी झाली की वाफसा आला म्हणतात. मेळाव्याच्या मैदानावर पोचलं की गाडीवरून उतरून पहिलं काम हे करावं. टाचेनं वरचा पापुद्रा उकरायचा, बोटभर खालची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. लाडू पडून फुटला, भुगा झाला, तर वाफसा आहे. इथं मेखही धरेल आणि गाडीही निघेल. लाडू चपटा होऊन तसाच राहिला किंवा बोटांना माती चिकटून आली तर तिथं थांबू नये, मग जागा कितीही देखणी असो. लाडू वळलाच नाही, नुसती ढेकळं हातात आली, तर जमीन कोरडी आहे. गाडीला उत्तम, मेखेला त्रासदायक.

ही परीक्षा करायला अर्धं मिनिट लागतं. ती न केल्याचं फळ मात्र पाऊस पडल्यावर मिळतं. सोलापुरात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. म्हणजे नेमका जेव्हा उन्हाळा संपून भटकायला बरं वाटायला लागतं, तेव्हाच काळं रान सर्वांत बेभरवशाचं असतं. रात्री अर्धा तास सर आली की सकाळी गाडी जागची हलत नाही. इथं चाक नुसतं घसरत नाही. चिखल टायरला गोळ्यानं चिकटतो, चाकाबरोबर वर येतो, मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. पुढचं चाक आधी जाम होतं, कारण तिथं फट कमी. घाट-डोंगरासाठी बनवलेल्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड उंच, चोचीसारखं असतं त्यामागं हेच कारण आहे. रोजच्या गाडीवर ही सोय नाही.

जाम झाल्यावर बहुतेक जण ॲक्सिलरेटर पिळतात. त्यानं क्लच प्लेट जळतात आणि मागचं चाक स्वतःसाठी खड्डा खणतं, दुसरं काही होत नाही. वाळूत टायरची हवा कमी केली की गाडी चालते हे कुठंतरी ऐकलेलं असतं, म्हणून काही जण इथंही हवा सोडतात. काळा चिखल वाळू नव्हे. टायर जितका पसरेल तितका चिखल जास्त चिकटेल. खरा इलाज दोनच. एक, थांबणं. ऊन आणि वारा असेल तर दोन-तीन तासांत वरचा थर आवळून येतो. घाई असेल तर दुसरा: फटीतला चिखल लाकडाच्या काडीनं उकरून काढायचा, स्क्रू ड्रायव्हरनं नाही, टायरच्या बाजूला खुपतो. मग दोन माणसांनी गाडी ढकलत बांधावर न्यायची. बांधावर हराळी असते, तिची मुळं माती धरून ठेवतात आणि तिथं चाक चालतं. शेजारी उसाचं रान असेल तर मालकाला विचारून दोन कवळे पाचट आणायचं आणि चाकांच्या वाटेवर अंथरायचं. पाचटावरून गाडी निघते. म्हणून मुळात गाडी लावतानाच ती बांधापासून चार पावलांवर लावावी, मैदानाच्या मधोमध नाही. मधोमध फोटो चांगला येतो, बाकी काही नाही.

आपल्याकडं सगळ्यात चांगली जमीन म्हणजे मुरमाड माळ. पाणी झिरपून जातं, स्टँड फार रुतत नाही, चिखल होत नाही. नळदुर्गच्या बाजूला, तुळजापूरच्या रस्त्यानं वर चढताना अशी रानं भरपूर दिसतात. नान्नजचा माळही असाच दिसतो, पण तो माळढोक पक्ष्याचा, १९७९ पासून अभयारण्य. तिथं तंबू टाकायचा विचारसुद्धा करू नये, आणि भोवतालच्या वाटांवर सायलेन्सरचा धुडगूसही नको. उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ हा दुसरा मोह. पाणी मागं हटल्यावर मोकळी झालेली सपाट जमीन, समोर पाणी, पक्षी. तो सगळा गाळ असतो. वर वाळून पापुद्रा धरलेला, खाली लोण्यासारखा. माणूस चालून जातो, आणि त्याच्या मागून सामानानं लादलेली गाडी आली की पापुद्रा फुटतो. काठापासून वर, जिथं झुडपं सुरू होतात तिथंच थांबावं. आणि कुठंही थांबताना आधी माणूस शोधावा. "काका, या पडीक रानात एक रात्र राहिलं तर चालेल का?" एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी पाणी कुठलं चांगलं, कुत्री कुणाची, पाऊस आला तर ओढा कुठवर चढतो, ही सगळी माहिती न मागता मिळते.

मेखांकडं येऊ. तंबूबरोबर ज्या मेखा येतात त्या तारेच्या, काडीएवढ्या जाड आणि वीतभरही नाहीत. वाफशाला त्या धरतात. ओल्या मातीत लोण्यातून सुरी यावी तशा निघून येतात, आणि कोरड्या टणक रानात शिरतच नाहीत, वाकतात. मऊ मातीत मेख धरते ती तिच्या अंगाच्या रुंदीवर, धारेवर नाही. गुरं बांधायचा खुंटा कसा असतो बघा: जाड, हातभर, बाभळीचा. बैल ओढतो तरी निघत नाही. तोच हिशेब. बाभळीच्या किंवा बांबूच्या फूटभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड आठ खुंट्या तासून घेतल्या तर काळ्या रानात दुसरं काही लागत नाही. ठोकताना खुंटीचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं, साधारण ४५ अंश, म्हणजे दोरी आणि खुंटीमध्ये काटकोन होतो आणि ओढ बसली की खुंटी वर न येता मातीवर रेटते. नवशिके नेमकं उलटं करतात, डोकं तंबूकडं. माती अगदीच पातळ असेल तर खुंटी विसरायची. कापडी पिशवीत माती भरायची, तोंड बांधायचं, दोरी बांधून ती पिशवी वीतभर खोल आडवी पुरायची आणि वरून माती दाबायची. उपटून येत नाही.

दोरीवर पांढऱ्या कापडाची चिंधी बांधायला विसरू नये. मेळाव्यात रात्री उशिरा पोचणारे असतातच आणि ते तंबूंच्या मधून गाडी घालतात. अंधारात काळी दोरी दिसत नाही.

तंबू पसरण्याआधी जमीन झाडायची. इथं सोलापूरची एक चीज फार कामाला येते, जुना टर्किश टॉवेल. तो ओला करून पिळायचा आणि तंबूच्या जागेवरून झाडू ओढावा तसा सावकाश दोनदा ओढायचा, एकदा लांबीनं, एकदा रुंदीनं. टॉवेलच्या गोंड्यांत सराटे अडकून येतात. माळावर सराटा डोळ्यांना दिसत नाही, मातीच्या रंगाचाच असतो, पण टॉवेल उलटा करून बघितला की तीस-चाळीस काटेरी गोळ्या चिकटलेल्या सापडतात. मोटरसायकलच्या जाड टायरला सराटा सहसा पार जात नाही. हवेच्या गादीला मात्र जातो, आणि तो तेव्हा कळत नाही. पहाटे तीनला कंबर जमिनीला टेकते तेव्हा कळतं. टायरचा वैरी बाभळीचा काटा. दुपारी सावली बघून सगळे बाभळीखाली गाड्या लावतात आणि संध्याकाळी दोन-तीन टायर बसलेले असतात. सावली हवी तर कडुनिंब बघावा.

स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. अशी गाडी असेल तर दोन टायर लिव्हर, मापाची एक ट्यूब, पायानं मारायचा पंप आणि पॅच-सोल्यूशन जवळ हवंच. चाक काढताना खाली चादर अंथरावी, नाहीतर एक्सलचा वॉशर भेगेत गेला की गेला. ट्यूबलेस टायरमध्ये काटा दिसला तरी लगेच उपसू नये. काट्यानंच भोक बुजवलेलं असतं. भोक बुजवायच्या रबरी दोरीचं किट हातात असेल तेव्हाच उपसावा.

गाडी तंबूपासून किती लांब? गाडी आडवी पडली तरी तंबूला लागणार नाही एवढी, म्हणजे किमान तीन मीटर. आणि तिची डावी बाजू तंबूकडं नको. सायलेन्सरबाबत मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष असतं. बीएस ६ म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि शंभरेक किलोमीटर पळून आलेल्या गाडीचा तो भाग बराच वेळ भयंकर तापलेला राहतो. जानेवारीपासून पुढं माळावरचं कुसळी गवत पोटरीएवढं आणि कडकडीत वाळलेलं असतं. त्यात गाडी घातली तर गवत पेटायला काडी लागत नाही. दोन बाय दोन फूट गवत पायानं दाबून-उपटून साफ करायचं, मग गाडी लावायची. शेजारच्या रानात कडब्याची गंजी असेल तर आणखी लांब. शेतकऱ्याचं वर्षभराचं वैरण त्यात असतं.

तंबूचं दार कुठं? हिवाळ्यात आपल्याकडं वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, तेव्हा दार नैर्ऋत्येला. वाऱ्याकडं पाठ, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

झोपायचं सांगताना सोलापुरी चादरीचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, आणि तिच्याबद्दल थोडं कडू बोलल्याशिवायही. जॅकार्डची जाड सुती चादर डिसेंबरच्या थंडीत अंगावर घ्यायला छान. पण सुती कापड दव पितं. रात्री तंबूबाहेर राहिली की सकाळी दुप्पट जड, आणि गाडीवर बांधून ती वाळत नाही, कुबट होते. म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत, आणि तंबूच्या आत. शिवाय थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. अंगाखाली कितीही जाड चादर घाला, वजनानं ती दबते, तिच्यातली हवा जाते आणि ऊब संपते. खाली दहा मिलिमीटरचा फोमचा पट्टा हवा, तो दबत नाही. जर्मनीत १९५६ पासून ऐन हिवाळ्यात, बर्फात, 'एलेफांटेनट्रेफेन' नावाचा मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरतो. तिथं लोक तंबूखाली वाळलेलं काड अंथरतात. आपल्याकडं काड म्हटलं की हात कडब्याकडं जातो, पण कडब्याची धाटं कडक, पाठीला रुततात आणि तंबूचा तळ फाडतात. गव्हाचं काड मऊ असतं. ते मिळालं तर चार बोटं जाड थर द्यावा, वर ताडपत्री, मग तंबू. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा वीतभर लहानच हवी. बाहेर डोकावली तर तिच्यावर पडलेलं पाणी सरळ तुमच्या खाली येतं.

भेगांत विंचू असतात, साप असतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि अनेकदा ते दुखतही नाही. तंबूची चेन आत असताना बंद, बाहेर असतानाही बंद. बूट आत घ्यायचे आणि सकाळी तळवा वर करून आपटायचे. कुणाला चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नको. अंगठ्या, कडं काढायचं, माणसाला हलू द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथं मिळतं. मुक्कामाच्या जागेपासून ते किती लांब आहे हे उजेड असतानाच बघून ठेवावं.

खाण्याचं आपलं काम सोपं आहे आणि त्याचा आपल्याला थोडा माज असायला हरकत नाही. बाकीचे लोक गॅसची छोटी शेगडी, नूडल्स, वारा आला की विझणारी ज्योत यात तासभर घालवतात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की चूलच लागत नाही. कोरडी ठेवली तर भाकरी आठवडाभर सहज टिकते. तुटते एवढीच अडचण. म्हणून भाकऱ्यांची चळत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून कापडात बांधायची आणि सामानाच्या अगदी वर. शेगडी नेलीच तर तंबूच्या आत कधीही पेटवू नये. आगीपेक्षा विषारी वायूची भीती जास्त, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी मात्र कमी पडू देऊ नये: उन्हाच्या दिवसांत माणशी दिवसाला पाच लिटर, नुसतं पिण्याचं.

सामान बांधण्याबद्दल थोडंच. जड वस्तू खाली आणि पुढं, म्हणजे साइडच्या बॅगांत, पायाच्या बाजूला. हलकं वर. तंबू आडवा, मागच्या सीटवर. लवचिक हुकाची दोरी सोपी खरी, पण खड्ड्यात गाडी आपटली की ताणते, हुक सुटतो आणि दोरी चेनमध्ये जाते. बकलचे पट्टे घ्यावेत आणि लोंबणारी टोकं गाठ मारून आत खोचावीत. सामान चढलं की मागचे शॉकअप दोन घर वर, टूलकिटमधल्या अर्धचंद्री पान्यानं. न केल्यास मागची बाजू बसते, हेडलाइट वर जातो आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर समोरचे ट्रकवाले तुम्हाला रात्रभर शिव्या घालतात. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलेली भरायची. चेनचा ढिलेपणा सामान चढवून, गाडीवर बसून पुन्हा बघायचा, ती आता जास्त ताणलेली असते.

इथवर सगळं काळ्या रानाचं झालं. पण आपल्यातले बरेच जण निघतात ते गोव्याला. इंडिया बाइक वीक २०१३ मध्ये गोव्यातच सुरू झाला. रॉयल एनफिल्डचा रायडर मेनिया, आता नाव मोटोव्हर्स, वागातोरच्या पठारावर भरत आलाय. सोलापूरहून दोन वाटा: विजापूर-बेळगाव करून चोर्ला घाट, नाहीतर मंगळवेढा-सांगोला-मिरजेवरून कोल्हापूर आणि मग आंबोली. आंबोलीच्या वाटेनं गेलात तर जमीन डोळ्यांदेखत बदलते. मंगळवेढ्याची काळीभोर ज्वारीची रानं, कृष्णाकाठचा ऊस, आणि आजऱ्याच्या पुढं कधीतरी रस्त्याच्या कडा लाल व्हायला लागतात. घाट उतरलात की जांभा, तो तांबडा भोकाभोकांचा दगड.

जांभ्यावर आपलं सगळं शहाणपण उलटं होतं. स्टँड रुतत नाही, प्लायचा तुकडा खिशातच राहतो. पण बाभळीच्या खुंट्या वर आपटून चिरतात. वरची दोन बोटं तांबडी माती, खाली सलग दगड. इथं सहा इंची जाड पोलादी खिळे लागतात, ते जांभ्याच्या भोकांत शोधून ठोकायचे आणि डोक्याखाली एक वॉशर घालायचा म्हणजे दोरी निसटत नाही. तेही जमलं नाही तर दोरी एका काठीला बांधायची, काठी जमिनीवर आडवी ठेवायची आणि तिच्यावर मोठे दगड रचायचे. नुसता दगडाला बांधलेला फास सरकतो, काठी सरकत नाही. आणि समुद्राची हवा. सोलापूरच्या कोरड्या थंडीत तंबूच्या खिडक्या बंद ठेवून झोपायची सवय असते. गोव्यात तसं केलंत तर तुमच्याच श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे थेंब तोंडावर पडतात. लोक म्हणतात, तंबू गळतो. खिडक्या उघड्या ठेवा, गळायचा थांबतो.

एक तक्रार मात्र जमीन कुठलीही असली तरी तीच आहे. रात्री बारानंतर गाडी न्यूट्रलला ठेवून कट-ऑफपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वेगाची मर्यादा लागेपर्यंत पिळणारा एक तरी महाभाग प्रत्येक मेळाव्यात असतो. कायद्यानं ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे आणि कर्णकर्कश सायलेन्सर बेकायदेशीरच आहे, पण त्याला ते सांगण्यात अर्थ नाही. उभ्या जागी इंजिन पिळलं की वारा लागत नाही, हवेवर थंड होणारं इंजिन तापतं आणि बिघडतं ते त्याचंच, हे सांगून बघावं. गाडीच्या काळजीपोटी कधीकधी ऐकतात. नाहीतर तंबू टाकतानाच स्टेजपासून आणि मैदानाच्या फाटकापासून दूरचा कोपरा निवडावा, शौचालयाच्या वरच्या वाऱ्याला.

निघायच्या सकाळी दव वाळेपर्यंत तंबू गुंडाळू नये. थांबायला वेळ नसेल तर वरचं कापड वेगळं, आतला तंबू वेगळा बांधावा आणि घरी गेल्यावर पहिलं काम म्हणून दोन्ही गच्चीवर टाकावेत. खुंट्यांची भोकं टाचेनं बुजवावीत, कुणाच्या गुराचा पाय जायला नको. मग मेखा मोजायच्या. प्रत्येक मेखेच्या डोक्याला लाल रंग किंवा लाल चिंधी असली की हे काम सोपं होतं. रानात राहिलेली लोखंडी मेख पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जाते, आणि तो टायर आपल्या अख्ख्या मुक्कामाच्या खर्चापेक्षा महाग असतो. चौदा आणल्या असतील तर चौदा भरायला हव्यात. तेराच भरल्या, तर चौदावी बहुधा तंबूच्या मागच्या कोपऱ्याजवळ असते, जिथं पहिली दोरी सोडताना ती उपटून 'नंतर उचलू' म्हणून बाजूला टाकलेली असते. तिथली ढेकळं पायानं एकेक उलटून बघायची.